वडीलधाऱ्यांचे पडणे : टाळेबंदीचा एक धडा



उभा ऊस का पडतो हे आपणांपैकी कोणाला शिकवावे लागत नाही. वारा हे निमित्त. खरे कारण आधीच जमिनीत घडून गेलेले असते. मोठी बांधणी वेळेवर झाली नाही, नत्राची मात्रा जादा पडली, सरीत पाणी तुंबून राहिले, मुळे वरच्या थरातच राहिली, की एका वादळी पावसात सगळा फड आडवा होतो. मग आपण वाऱ्याला नावे ठेवतो.

घरातले म्हातारे माणूस पडते तेव्हाही नेमके हेच होते. “मोरीत पाय घसरला”, “उंबऱ्याला ठेच लागली”, “रात्री उठताना तोल गेला” ही झाली निमित्ते. माणूस पडण्याची तयारी त्याच्या पायांत, डोळ्यांत आणि घराच्या रचनेत कित्येक महिने आधी चाललेली असते. म्हणून या वेळी उसाऐवजी माणसाच्या पडण्याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडत आहोत. करोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जी बंधने आली, त्यांनी हा विषय जगभर ऐरणीवर आणला. साथ ओसरली, बंधने उठली. पण त्या काळात घरात बसलेली काही माणसे अजून पहिल्यासारखी उठलेली नाहीत. त्यांच्यासाठी अजूनही बरेच काही करता येण्याजोगे आहे.

बंधने काय होती

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागली. पुढे मे महिन्यात केंद्र सरकारच्या आदेशात स्पष्टच सांगितले गेले की ६५ वर्षांवरील व्यक्ती, जुने आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी अत्यावश्यक काम किंवा दवाखाना याखेरीज घराबाहेर पडू नये.

ही बंधने चुकीची होती असे आमचे मुळीच म्हणणे नाही. करोनाने सर्वांत जास्त बळी म्हाताऱ्या माणसांचेच घेतले. त्यांना गर्दीपासून दूर ठेवणे गरजेचेच होते. परंतु कोणतेही औषध घेतले की त्याचा थोडाफार ताप अंगाला सोसावाच लागतो. टाळेबंदीचा तो ताप काय होता, हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या भागातले म्हातारे माणूस व्यायाम म्हणून वेगळे काही करत नाही. त्याचा व्यायाम त्याच्या दिवसात मुरलेला असतो. सकाळी देवळापर्यंत जाणे, बांधावरून एक चक्कर, गोठ्यात वैरण टाकणे, आठवडे बाजाराला ओतूरला जाणे, एस.टी.च्या पायऱ्या चढणे-उतरणे, कोणाच्या दहाव्याला, कोणाच्या साखरपुड्याला जाणे. टाळेबंदीत यातले बहुतेक सगळे एका रात्रीत थांबले. राज्यातील देवळे मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. म्हणजे ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारांना, तांदळाच्या पिंडी बघायला जाणाऱ्या आजी-आजोबांना दोन्ही वर्षे दर्शन बंद होते. आषाढीची पायी वारी दोन्ही वर्षे झाली नाही. पालख्यांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. जो वारकरी वर्षानुवर्षे वारीच्या नेमाने पाय राखून होता, त्याचा तो नेमच दोन वर्षे मोडला.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. दवाखाना गाठावा लागेल असे पडण्याचे प्रसंग वर्षाला ३ कोटी ७३ लाख घडतात. पडून मरणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या साठीच्या पुढच्यांची आहे, आणि असे ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पडणे ही किरकोळ बाब नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आता टाळेबंदीत काय झाले ते पाहू. प्रथम असे वाटले की माणसे घरात बसली म्हणजे पडण्याचे प्रमाण कमी होणार. एका अर्थाने ते खरेही ठरले. रस्ते ओस पडले, गाड्या थांबल्या, कारखाने आणि बांधकामे बंद राहिली, त्यामुळे तरण्या माणसांच्या हाडमोडीचे रुग्ण जगभरच्या रुग्णालयांत झपाट्याने घटले. परंतु म्हाताऱ्या माणसांचा खुबा मोडण्याचे प्रकार त्या मानाने फारसे घटले नाहीत. याचे कारण साधे आहे. म्हातारे माणूस बहुधा घरातच पडते. मोरी, उंबरा, पडवीची पायरी, खाटेपासून संडासापर्यंतची वाट, या जागांना टाळेबंदी नव्हती.

दुसरी गोष्ट अशी की दवाखान्यात गेले तर करोना लागेल या भीतीने कित्येकांनी मार अंगावर काढला. मुका मार म्हणून हळद-तेल लावून माणूस खाटेवर पडून राहिले. अशा माणसाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. रुग्णालयातला आकडा कमी दिसला म्हणून पडणे कमी झाले असा हिशेब करणे म्हणजे वजनकाट्यावर गाडी न नेता टनेज ठरवण्यासारखे आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नंतर दिसली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२१ मध्ये याचा सविस्तर अहवाल काढला. त्यांना असे आढळले की ६५ वर्षांवरील माणसांच्या पायांना बळ आणि तोल देणाऱ्या हालचाली आठवड्याला सरासरी १२६ मिनिटे होत असत, त्या मार्च ते मे २०२० या काळात ७७ मिनिटांवर आल्या. एवढ्या बैठकीमुळे वर्षातून एकदा तरी पडणाऱ्या वृद्धांत १ लाख १० हजारांची, म्हणजे ३.९ टक्क्यांची भर पडेल, असा अंदाज त्यांनी मांडला. टाळेबंदीतले खरे नुकसान असे टाळेबंदी उठल्यावर वसूल होणारे होते.

पायांचे बळ जाते कसे

बैल चार महिने दावणीला बांधून ठेवला आणि एकदम नांगराला जुंपला, तर काय होईल? पहिल्याच तासाला तो बसेल. बैलाला दोष देऊन उपयोग नाही. माणसाच्या मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंचे तसेच असते. वापर थांबला की शरीर ते स्नायू पोसायचे बंद करते.

हे किती लवकर होते याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला व २००७ साली प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्या, पण चांगल्या धडधाकट माणसांना फक्त १० दिवस खाटेवर झोपवून ठेवले. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ १ किलो मांस गेले. तरण्या माणसाचे गेलेले बळ लवकर भरून येते. म्हाताऱ्याचे तसे येत नाही. ते परत मिळवायला कित्येक आठवडे नेटाने खटपट करावी लागते, आणि कोणी खटपट केलीच नाही तर ते गेले ते गेलेच.

बळाबरोबर तोलही जातो. तोल सांभाळण्याचे काम डोळे, कान, पायांचे तळवे आणि स्नायू मिळून करतात. खडकाळ वाटेने, बांधावरून, चिखलातून चालणाऱ्याचा हा सराव रोज आपोआप होत असतो. सपाट फरशीवर चार पावले टाकणाऱ्याचा तो सुटतो. त्यातून एकदा पडलेले माणूस घाबरते. “आता नको बाबा चालायला” असे म्हणून आणखी बसते. बसले की बळ आणखी जाते, आणि बळ गेले की पुन्हा पडते. हा फेरा एकदा सुरू झाला की मोडणे अवघड.

साथीत याच्या जोडीला आणखी काही गोष्टी आल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया लांबल्या. आपल्या देशात वर्षाला साठ लाखांवर होणाऱ्या या शस्त्रक्रिया २०२०-२१ मध्ये चाळीस लाखांच्याही आत आल्या. ज्याला उंबरा दिसत नाही तो उंबऱ्याला अडखळणारच. रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्या तपासणी न करता महिनोन्‌महिने त्याच मात्रेत चालू राहिल्या. अंगावर ऊन पडले नाही, म्हणजे हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व मिळाले नाही. ज्यांना करोना होऊन गेला त्यांच्या अंगात बरेच दिवस त्राण राहिले नाही. ही सगळी कारणे एकमेकांच्या डोक्यावर बसली.

आणखी एका वर्गाची आठवण येथे ठेवली पाहिजे. टाळेबंदी लागली तेव्हा राज्यातील सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. १७ एप्रिल २०२० ला शासनाने त्यांना तपासणी करून गावी जाण्याची परवानगी दिली. तोवर त्यांचे म्हातारे आई-बाप बीड, नगरकडच्या वाड्या-तांड्यांवर नातवंडांना घेऊन बसलेले होते. घरात कर्ते माणूस नसताना म्हातारे पडले तर उचलायला कोण, हा प्रश्न त्यांना दर गळीत हंगामाला असतो. त्या वर्षी तो लांबला इतकेच.

मढ खोऱ्याची दरवर्षीची टाळेबंदी

आता आपल्या घराकडे वळू. मढ, करंजाळे, पारगाव, सितेवाडी, खिरेश्वर या पट्ट्यातील सभासदांना आम्ही काय सांगतो ते चटकन पटेल. करोनाची टाळेबंदी दोन वर्षांची. माळशेजच्या तोंडाशी असलेल्या या गावांत पावसाची टाळेबंदी दरवर्षीची आहे. मृगाचा पाऊस एकदा धरला की नवरात्रापर्यंत म्हातारे माणूस पडवीच्या पुढे जात नाही. बाहेर धुके, निसरडे, वाटेवर शेवाळ. घरातले सगळे भातलावणीच्या चिखलात. आजी चुलीपाशी, आजोबा घोंगडीत. तीन-साडेतीन महिने पायांना काम नाही, अंगाला ऊन नाही. पुढे दसरा-दिवाळीला ऊन पडते, वाटा सुकतात, माणूस हौसेने बाहेर पडते आणि नेमके तेव्हाच धडपडते. लोक म्हणतात, “सगळा पावसाळा नीट काढला आणि उन्हात पडली.” पण पडण्याची तयारी त्या पावसाळ्यातच झालेली असते.

खाली ओतूर, डिंगोरे, उदापूरकडच्या बागायती सभासदांचा प्रकार थोडा वेगळा. तिथे हंगामात घरातली तरणी माणसे तोडीच्या, भरणीच्या मागे. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेले पोर पहाटे येते. घरी म्हातारे एकटे. त्यात बिबट्याची धास्ती. रात्री परसाकडे किंवा अंगणातल्या संडासाला जायचे तर अंधारात घाईघाईने जायचे आणि घाईघाईने यायचे. या घाईत पाय मुरगळतो.

आणि घरेही बदलली. शेणाने सारवलेली जमीन पायाला धरून ठेवत असे. आता शहाबादी फरशीच्या जागी गुळगुळीत चकचकीत फरशा आल्या. दिसायला देखण्या, पण ओला पाय पडला की माणूस सरळ जमिनीवर. मजला चढला, जिना आला, पण जिन्याला कठडा करायचे पैसे घर बांधता-बांधता संपले. अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत.

घरात करावयाच्या गोष्टी

यांतल्या बहुतेक गोष्टींना खर्च नाही, असलाच तर एका खताच्या गोणीइतका.

१) मोरीत आणि संडासात भिंतीला पक्का लोखंडी दांडा बसवावा. नळाला धरून उठणे धोक्याचे. नळ माणसाच्या वजनासाठी केलेला नसतो.

२) मोरीतली फरशी खरबरीत असावी. गुळगुळीत असेल तर गवंड्याकडून टाके मारून घ्यावेत. शेवाळ आठवड्याला घासून काढावे.

३) खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा असावा. वीज जाते म्हणून उशाशी बॅटरी असावी. रात्री संडास लांब पडत असेल तर खाटेजवळ भांडे ठेवण्यात कमीपणा मानू नये.

४) उंबऱ्याला आणि पायऱ्यांच्या कडांना पांढरा किंवा पिवळा रंगाचा पट्टा मारावा. मंद नजरेला तो दिसतो.

५) वाटेत पोती, पाण्याचा पाइप, वायर, दुमडलेली सतरंजी टाकू नये.

६) झिजलेली सपाट चप्पल टाकून द्यावी. मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली पादत्राणे घ्यावीत. काठीच्या टोकाला रबरी बूच असावे.

७) गोठ्यातले शेण-मूत वाहून जाईल असा उतार ठेवावा. गोठ्यात घसरणाऱ्यांत घरातल्या बाया जास्त असतात.

शरीराची बांधणी

उसाला मोठी बांधणी करतो तशी पायांचीही करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीतच, असे सांगितले की म्हाताऱ्या माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व बळ वाढविणाऱ्या हालचाली कराव्यात. आणि याचा गुण येतो. जगभरच्या शंभरावर चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा अशा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले आढळले. असे कोणते खत एकरी उतारा २३ टक्के वाढवीत असते, तर आपण रांगा लावल्या असत्या.

व्यायाम अगदी साधे आहेत. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसावे आणि हाताचा आधार न घेता उठावे. आधी पाच वेळा, मग वाढवत दहा. ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून टाचा उचलाव्यात आणि हळू खाली टेकवाव्यात. तसेच धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. पडवीत भिंतीच्या कडेने एका पावलापुढे दुसरे पाऊल जोडून चालावे. सुरुवातीला घरातले कोणीतरी शेजारी उभे राहावे. ज्यांचे गुडघे दुखतात, छातीचा किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. पावसाळ्यात हे घरात होण्यासारखे आहे, म्हणून मढ खोऱ्यातल्या माणसांनी तर ज्येष्ठापासूनच नेम धरावा.

अन्नाकडेही बघावे. म्हातारपणी भूक मंदावते आणि चहा-भाकरीवर दिवस जातो. डाळ, हुलगे, मटकी, दूध, चालत असल्यास अंडी, यांतले काहीतरी रोज पोटात गेले पाहिजे. नुसत्या व्यायामाने मांस धरत नाही.

झोपेतून एकदम उठून चालू लागू नये. आधी बसावे, पाय हलवावेत, दोन मिनिटांनी उभे राहावे. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. गोळीची मात्रा बदलावी लागते. मनाने गोळी बंद करू नये. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. पद्मश्री डॉ. मनोहर डोळे यांनी उभारलेले नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आपल्या तालुक्यातच आहे, त्याचा लाभ घ्यावा.

माणूस पडलेच तर

पहिली गोष्ट म्हणजे खसकन ओढून उभे करू नये. शुद्धीवर आहे का, डोक्याला मार आहे का, कुठे दुखते, हे विचारावे. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, जांघेत कळ येत असेल आणि पाय उचलता येत नसेल, तर खुबा मोडला असे समजून चालावे. चोळू नये, पाय ओढून बसवू नये, चालवून बघू नये. फळीवर किंवा घट्ट गादीवर आडवे ठेवून १०८ क्रमांकाला फोन करावा. डोक्याला मार असून उलटी होत असेल, गुंगी येत असेल, किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर दुखत नसले तरी दवाखाना गाठावा.

खुबा मोडल्यावर शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे येथेच घोळ होतो. “या वयात कशाला चिरफाड” असे म्हणून आठवडा जातो. तोवर पाठीला फोड येतात, छातीत कफ धरतो. अनेक देशांतल्या नोंदी पाहिल्या तर खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारणपणे पाचांतला एक तरी वर्षाच्या आत जातो. वेळेवर शस्त्रक्रिया करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाला उभे करणे हाच यावरचा उपाय. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रास भेटावे.

शेवटी एवढेच

सभासद बंधूंनो, साथीने एक वाईट सवय मागे ठेवली आहे. “आबा, तुम्ही बसा, आम्ही करतो” ही ती सवय. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण म्हाताऱ्याच्या हातून विळा, घमेले, देवळाची वाट आणि बाजाराची पिशवी अशी एकेक गोष्ट काढून घेतली की त्याच्या पायांतले बळही आपण काढून घेतो. त्याला जड काम देऊ नये हे खरे, पण त्याचे काम पुरते काढूनही घेऊ नये. गवताची पेंढी नको, पण शेवग्याच्या शेंगा तोडायला, नातवाला शाळेपर्यंत पोचवायला, पारावर जाऊन चार माणसांत बसायला काय हरकत आहे?

पुढे पुन्हा कधी साथ आली, पूर आला, काही कारणाने घरात बसण्याची वेळ आली, तर बसू. पण पायांना बसू देऊ नये. आज ज्या मोठ्या बागाइतीचा आपण अभिमान बाळगतो, तिचे पहिले पाट, पहिल्या विहिरी आणि पहिले शेअर या माणसांनी उभे केले. पुढच्या सर्वसाधारण सभेला ती आपल्या पायांनी चालत यावीत, यासाठी घरातल्या मोरीला एक दांडा आणि दिवसातली पंधरा मिनिटे द्यावीत, ही प्रत्येक सभासद कुटुंबाला विनंती आहे.